मिसेस ग्लासमनसाठी स्टेक

रविवार, १३ जानेवारी १९६३
हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम

नळ गोठून पंधरवडा होऊन गेला. कौन्सिलने रस्त्याच्या कोपऱ्यावर एक नळ उभा केला आहे, तिथून बादल्या भरून आणायच्या. मी आणि शेजारची सुप्रभा जोडीनेच जातो. तिचे यजमान हॉस्पिटलात डॉक्टर आणि आमचे हे, एलिएझर, पार्सल ऑफिसात कारकून. पण बर्फात घसरून आपटायच्या बाबतीत आम्ही दोघी एका जातीच्या.

आज ईवा आली ती कोट काढायच्या आधीच म्हणाली, "आई, लेनर्डची मदर आपल्याकडे जेवायला येतेय. दहा फेब्रुवारीला."

मी मटकन खुर्चीत बसले. दोन वर्षं ही पोरगी त्या लेनर्ड ग्लासमनबरोबर फिरते आहे. ही नर्स, होस्टेलवर राहणारी; तो केमिस्ट. मुलगा चांगला आहे, जरा मिळमिळीत आहे, पण चांगला आहे. त्याच्या आईने मात्र आजवर आमचा उंबरा पाहिलेला नाही. मी लगेच ठरवायला लागले, नारळाच्या रसातली कोंबडी, पुऱ्या, वर गोड काहीतरी. ईवाने कानांवर हात ठेवले.

"आई, प्लीज! नो करी. तिला वाससुद्धा सहन होत नाही. सिम्पल स्टेक कर. मॅश, मटार, गाजरं. दॅट्स ऑल. इट्स द ईझिएस्ट थिंग इन द वर्ल्ड."

"बीफ? माझ्या घरात?"

"का नाही? कोशेर बुचरकडून आण."

आता हिला काय सांगू! कोशेर, म्हणजे आमच्या धर्माला चालणारं, आहे ते मला ठाऊक आहे. पण रेवदंड्याला आमच्या आळीत कोणा बेने इस्राएलाच्या, आम्हा कोकणी ज्यूंच्या, चुलीवर बीफ चढलेलं मी पाहिलं नाही. धर्माची ना नव्हती. शेजारीपाजारी सगळे हिंदू, त्यांचं मन कशाला दुखवा, एवढंच. त्यांनी आमचा शनिवार सांभाळला, आम्ही त्यांची गाय सांभाळली. लेनर्डला हे एकदा सांगितलं तर तो गोंधळून म्हणाला, "बट यू आर ज्युइश, मिसेस अवसकर, आरन्ट यू?"

तो प्रश्न त्याचा नाही, त्याच्या आईचा आहे. हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. इस्रायलात गेलेल्या आमच्या लोकांना लग्नाच्या वेळी आजीची आजी कोण होती ते विचारतात म्हणे. आता इथेही तेच. आमच्यात सांगतात, शेकडो वर्षांपूर्वी दाविद राहाबी नावाचा परमुलखातला ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने आमच्या बायकांपुढे माशांची पाटी ठेवली. बायकांनी खवले नसलेले, ज्यूंना न चालणारे, मासे बाजूला काढले, आणि तो म्हणाला, हे माझेच लोक. म्हणजे आमची परीक्षा पहिल्यापासून स्वयंपाकघरातच होते. माशांच्या जागी स्टेक आला, एवढाच फरक.

ईवाचं लग्न त्या थाळीवर टांगलेलं आहे.

सोमवार, २१ जानेवारी

काल बुचरकडे गेले. मासिकातली कृती वाचून गेले होते, त्यात लिहिलंय 'रंप स्टेक'. मीही ऐटीत म्हटलं, रंप द्या. दुकानात चार बायका होत्या. त्या चौघीही माझ्याकडे पाहायला लागल्या.

बुचर अगदी सभ्यपणे म्हणाला, "हे तुमच्या मालकीणबाईंसाठी आहे का?" मी नाही म्हटलं, माझ्यासाठीच. तेव्हा म्हणाला, "मॅडम, नो ज्युइश लेडी आस्क्स मी फॉर रंप." मग समजावून सांगितलं, जनावराच्या मागच्या भागात ती शीर असते, याकोबाच्या मांडीची, देवदूताशी झुंजताना दुखावलेली, म्हणून ज्यू ती खात नाहीत. ती काढायचं काम इथे कोणी करत नाही, म्हणून मागचा भाग कोशेर दुकानात येतच नाही.

अरे, शीर मला काय शिकवतोस! आमचा हझान, सिनेगॉगात प्रार्थना म्हणणारा आणि बकरं कापणाराही तोच, बकऱ्याच्या मांडीतून ती शीर अशी अलगद ओढून काढायचा, आणि मग आम्ही मांडीच खायचो. ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण इंग्रजीत राग नीट येत नाही मला. बरगडीजवळचा एक तुकडा घेतला आणि बाहेर पडले. कान इतके तापले होते की थंडी वाजली नाही.

घरी येऊन तुकडा पाण्यात भिजत घातला. रक्त आम्हाला वर्ज्य, म्हणून मग फळीवर उतरता ठेवून खडे मीठ लावलं, रक्त निथळू दिलं, मग तीन पाण्यांनी धुतला. म्हणजे दोन बादल्या गेल्या. ते लालभडक ताट बघवत नव्हतं, पण हात थांबू दिले नाहीत. मासिकातली बाई म्हणते, दोन्ही बाजूंनी जरासा भाजा, आत गुलाबी राहू द्या. तिला काय जातं सांगायला! घटकाभर मीठ लावून काढलेलं रक्त पुन्हा ताटात बघू? मी गुलाबी जाईपर्यंत भाजला. मग आणखी थोडा भाजला.

ह्यांनी बराच वेळ चावला. "मिरियम, बुचरकडून आणलास की मोच्याकडून?" म्हणाले. मी हसले नाही. मग बिचाऱ्यांनी सगळा संपवला.

ईवा संध्याकाळी डोकावली. चाखून बघ म्हटलं तर म्हणे कॅन्टीनमध्ये खाऊन आले. हल्ली रोजच खाऊन येते. दुधाचा चहाही नको म्हणते, कोरा घेते, तोही काचेच्या ग्लासातून. लग्नाच्या ड्रेससाठी बारीक व्हायचं खूळ, दुसरं काय!

मंगळवार, २९ जानेवारी

स्टेक जमायला लागला. गॅसच्या ग्रिलमध्ये तापल्या जाळाखाली ठेवायचा, एकदाच उलटायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. आत लालसर दिसतो ते रक्त नव्हे, रस आहे, असं हे म्हणतात. ह्यांना कोणी विचारलंय!

अडचण मॅशची. मासिकात म्हटलंय, बटाट्यांत गरम दूध आणि लोणी फेटा. मांसाच्या ताटात दूध कसं घालणार? नुसत्या पाण्यात कालवलं तर भिंतीला लावायचा चुना झाला. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या आईने आयुष्यभर केलं तेच करायचं! मांसाला दूध चालत नाही म्हणून तर आमचा सगळा स्वयंपाक नारळाच्या रसातला. इथे नारळ कुठला, पण केकवर घालायचा सुका कीस मिळतो. तो गरम पाण्यात भिजवून पिळला आणि बटाट्यांत फेटला. पांढराशुभ्र, मऊ मॅश झाला. मीठ-मिरी घातल्यावर नारळाची चवही लपते. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात सुप्रभा बादल्या घेऊन आली. स्टेक जाळाखाली होता. तिने विचारलं, "मटण का गं?" माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "नाही गं, बीफ. ईवाच्या सासूसाठी करायला शिकतेय."

तिने टेकवलेल्या बादल्या पुन्हा उचलल्या. मग म्हणाली, "माझी आजी अलिबागची. सांगायची, तेल आणायला दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका, शनवार तेल्यांकडे जा. त्यांची चूल आपल्यासारखीच."

शनवार तेली म्हणजे आम्हीच, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. "आता इथे कुठली आलीय तसली चूल," मी म्हटलं.

"बरोबर आहे. चालायचंच," ती म्हणाली आणि जायला वळली. मी मॅशची वाटी पुढे केली, यात मांस नाही म्हटलं, पण तिचा उपास होता.

सोमवार, ४ फेब्रुवारी

सुप्रभाला सर्दी झाली असावी. तीन-चारदा एकटीनेच पाणी आणलं.

काल ईवा मात्र बराच वेळ बसली. तिने मला कधी नव्हे ते आजीचं विचारलं. "आई, आजीचं लग्न कुठे झालं? सिनेगॉगमध्ये? कुणी लावलं? आजीची आई कुठली?" मला माहीत होतं तेवढं सांगितलं. पणजीचं नाव शेगुलाबाई, नौगावची, तिच्या पलीकडचं काही ठाऊक नाही. कोणी लिहून ठेवणार? तेल गाळणारी माणसं. ईवा खिडकीबाहेर बघत होती. "त्याच्या मागचं कुणालाच माहीत नाही?" पुन्हा पुन्हा तेच. माझा जीव सुखावला. इतकी वर्षं हिला आपल्या माणसांचं काही पडलेलं नव्हतं. लग्न जवळ आलं की मुली आपोआप आईकडे वळतात.

निघताना एकदम गळ्यात पडली. "आई, तू फार घेतेस गं अंगावर. इट्स ओन्ली अ डिनर."

ओन्ली अ डिनर म्हणे! मी एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, मलिदा बोलले आहे. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सगळं यथासांग. हे लग्न ठरू दे.

रविवार, १० फेब्रुवारी, सकाळ

पहाटेपासून पाणी भरून ठेवलं. मांस मिठात आहे. गाजरं चिरली, मटार सोलायचे नाहीत, डब्यातले आहेत. सकाळपासून गॅस मिणमिणतो आहे. आजच मिणमिणायचं होतं त्याला! देवा, एवढी लाज राख.

सोमवार, ११ फेब्रुवारी

जिंकले!

आधीपासून सांगते. मिसेस ग्लासमन उंच असतील असं का कोण जाणे वाटलं होतं. निघाल्या माझ्या खांद्याएवढ्या, गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना लेनर्डचा हात धरलेला. येताना संत्री घेऊन आल्या. हे टाय बांधून उभे, मी लग्नाची पैठणी नेसावी की नाही यात तासभर घालवून शेवटी साधी निळी साडी नेसलेली.

स्टेक छान झाला. गॅसने शेवटी साथ दिली. थाळ्या मांडल्या. मिसेस ग्लासमननी काटा उचलला, मॅशकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला.

"इज धिस विथ मिल्क, डिअर?"

लेनर्ड लाल झाला. ईवा टेबलक्लॉथकडे बघत राहिली. आणि मला, लोकहो, एकदम बळ आलं. मी उठले, किसाचं पाकीट आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. माझी आई, तिची आई, मांसाबरोबर दूध नाही, म्हणून नारळ. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, त्यांची आजी मांसाच्या जेवणात बदामाचं दूध वापरायची, आणि दर वेळी चार बदाम टेबलावर ठेवायची, बघणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून. "यू मस्ट कीप द पॅकेट ऑन द टेबल," म्हणाल्या. आणि मॅश खाल्ला. पुन्हा मागून घेतला!

कोकणातली माझी आई आणि कुठल्या दूर थंड देशातली ती आजी, दोघींना एकच धास्ती. मला रडू यायला लागलं, ते मी गाजरं वाढण्यात लपवलं.

मी स्वतःही खाल्ला स्टेक. आयुष्यात पहिल्यांदा. घास गिळताना आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो बाजूला सारला. ईवाच्या थाळीत मात्र मांसाचे बारीक बारीक तुकडे झाले आणि थाळीतच राहिले. मॅशला तर तिने काटाही लावला नाही. पोरीला किती टेन्शन आलं होतं!

निघताना मिसेस ग्लासमन ह्यांना म्हणाल्या, "तुमची मुलगी फार धीराची आहे. जे करतेय ते सोपं नाही." हे म्हणाले, "थँक यू." नर्सिंगबद्दल बोलत असतील.

मलिद्याला पोहे कुठून आणायचे ते बघायला हवं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सुप्रभा नळावर दिसली. सर्दीबिर्दी काही नव्हती. दुसऱ्या बाईशी बोलत होती. मला बघून हसली आणि बादली उचलून गेली. मॅश कसा जमला ते मला तिलाच सांगायचं होतं.

रविवार, १७ फेब्रुवारी

लिहू की नको असं चाललंय.

ईवा एकटी आली. बसली. म्हणाली, "आई, पप्पा, लग्न ऑक्टोबरमध्ये. पण आधी मला कोर्स पूर्ण करायचाय. मी डिसेंबरपासून जातेय, दर मंगळवारी."

"कसला कोर्स?" हे म्हणाले.

रब्बींच्या, इथल्या ज्यू धर्मगुरूंच्या, ऑफिसला आम्ही ज्यू असल्याची खात्री नाही. पणजीच्या पलीकडचं काही दाखवता येत नाही, म्हणून शंका आहे. शंका नको म्हणून ईवाला शिकायचं, परीक्षा द्यायची, पाण्यात बुडी घ्यायची, आणि मग ती ज्यू.

"आणि आता कोण आहेस?" मी विचारलं.

"आई, इट्स ओन्ली अ फॉर्मॅलिटी. लेनर्डला काही वाटत नाही. त्याच्या मदरला पण नाही. शी लव्ह्ड यू! पण त्याशिवाय त्यांच्या सिनेगॉगमध्ये लग्न लागत नाही. मी आधी सांगणार होते. तू इतकी बादल्या वाहत होतीस, माझ्याने सांगवलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॅन्टीन नव्हतं, ड्रेस नव्हता. मी विचारलं, "तू माझ्या हातचं खात नाहीस ते त्यासाठी?"

ती रडायला लागली. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, कोर्स संपेपर्यंत ज्या स्वयंपाकघराची खात्री नाही तिथलं खायचं नाही. काच चालते. काचेत काही मुरत नाही.

मला वाटायचं मी परीक्षा देतेय. परीक्षा नव्हतीच. निकाल डिसेंबरातच लागला होता, आणि ती बिचारी म्हातारी नुसती जेवायला आली होती. परकी बाई दोनदा मॅश मागून घेऊन जेवली आणि माझ्या पोटच्या पोरीने चाखला नाही.

आई ज्यू तर मूल ज्यू. एवढं एकच आम्हाला कोकणात कोणी शिकवावं लागलं नाही. मग ईवाला नव्याने ज्यू व्हायचं असेल, तर आधी मी कोणीच नाही असं ठरायला हवं. आणि ते तिने ठरवलं. दर मंगळवारी जाऊन.

ह्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. शेवटी म्हणाले, "लग्नात नाव काय पुकारतील तुझं?"

ईवाने नाक पुसलं. "ईवा बात अब्राहाम." बात म्हणजे मुलगी; आजवर ती बात एलिएझर होती.

"अब्राहाम कोण?"

"आपला अब्राहाम, पप्पा. सगळ्यांचा. जे नवीन येतात त्या सगळ्यांना त्याचंच नाव देतात."

"नवीन," हे म्हणाले. मग उठून बूट पुसायला घेतले. पुसलेलेच होते.

बुधवार, २० फेब्रुवारी

काही करावंसं वाटत नाही. दोन दिवस पाणी आणलं नाही. हे कामावरून येऊन आणतात.

उरलेला स्टेक बाहेर खिडकीत ठेवला होता, बर्फात गोठून दगड झाला. टाकवतही नाही. ज्याच्यासाठी सुप्रभाला गमावलं तो हा. तिकडे जाऊन सांगावं का, की सुप्रभा, मी पुन्हा नाही आणणार? पण मग ती म्हणेल, उपास आहे. तिच्या आजीने ज्यांना आपल्यासारखं म्हटलं त्यांच्यातली मी राहिले नाही, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांच्या लेखी मी कधी नव्हतेच. मग मी आहे तरी कोण? एलियाहू हन्नाबीला काय सांगू, लग्न ठरलं म्हणून? नवस फेडायचा की नाही, आणि फेडायचा तर कोणी, हे सांगायला इथे आमचा हझानही नाही.

मरून जावं असं वाटतं. मग वाटतं, पुरतील कुठे?

रविवार, ३ मार्च

शुक्रवारचं लिहायचं राहिलं. शब्बाथला, शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवार रात्रीपर्यंत, मी लिहीत नाही. ज्यांना खात्री नाही त्यांच्या माहितीसाठी.

शुक्रवारी ईवा राहायला आली. आमच्याकडे राहायची परवानगी शिकवणाऱ्या बाईंकडून काढून आली होती. आईकडे राहायची परवानगी! बरोबर डब्यात मिसेस ग्लासमनकडची थंड कोंबडी, आणि पाकीट फोडून काढलेली कोरी ताटली. मी टेबलाच्या एका टोकाला तिला जागा करून दिली. दिवे मी लावले. ती शेजारी उभी राहिली आणि ओठ हलवत होती. आमच्या चालीवर की त्यांच्या, ते कळलं नाही.

ह्यांनी किद्दूश, द्राक्षरसाच्या पेल्यावरची शब्बाथची प्रार्थना, म्हटला. आवाज नेहमीसारखाच होता. किद्दूश झाला की आम्ही हातबोशी करतो. थोरल्या माणसाने पुढे केलेले हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि आपली बोटं ओठांना लावायची. सिनेगॉगात सगळ्या माणसांत होते, घरात घरच्यांत. ईवा बोलायला शिकायच्या आधीपासून करत आली आहे. ग्लासमनांच्यात मात्र असलं काही नाही, लेनर्डला पहिल्यांदा पाहून हसू आलं होतं.

ह्यांनी आधी माझ्याशी केली. मग ईवाकडे वळले, हात पुढे केले आणि मध्येच थांबले. पार्सल सोडवायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतात तशा अदबीने, इंग्रजीत, म्हणाले, "इज इट अलाउड?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी ह्यांना गप्प केलं असतं. ह्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ईवाने हात उचलले होते. ते तसेच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या हातांकडे.

"आय डोन्ट नो, पप्पा," ती म्हणाली. "मंगळवारी विचारून सांगते."

ह्यांनी मान हलवली, हात खाली घेतले आणि खुर्ची ओढून बसले. जेवण निवत होतं, म्हणून मी वाढायला घेतलं.